चाड्यावरची मूठ

बाळ रडलं आणि सगुणाच्या हातातली पळी आमटीत बुडाली. रडण्याचे प्रकार आता तिला कळायला लागले होते. भुकेचं रडणं खालून चढत जायचं, झोपेचं मधेच तुटायचं, पोटात वारा धरला की आधी गुडघे आखडायचे आणि आवाज मागून यायचा. हे यातलं नव्हतं. ती ओल्या हातांनीच सोप्यावर आली, तर पाळण्यापाशी हे उभे, कचेरीतून नुकतेच आलेले, पागोटंसुद्धा उतरवलेलं नाही, आणि बाळाच्या गालावर एक तांबडी रेघ हळूहळू उमटत होती. "काही नाही, गालाला हात लावला नुसता," ते म्हणाले, आणि लावलेला हात त्यांनी अंगरख्याच्या बाहीत ओढून घेतला. तिने बाळाला उचललं, खांद्यावर घेतलं, थोपटलं, पण डोळ्यांपुढून ती रेघ हलेना. हात लावल्याने रेघ उमटत नाही. निदान या हाताने नाही. लग्नात यांनी हात धरला तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं होतं ते हेच, की हा हात आपल्यापेक्षा मऊ आहे, आणि मग भीती वाटली होती की असल्या हाताच्या भरवशावर आपण कुठे निघालो. कारकुनाचा हात. नंतर तिला त्याचाच अभिमान वाटायला लागला.

पाटावर बसल्यावर हात लपवता येत नाही. आपोशनाला तळहात उघडावाच लागतो. ती पंचपात्र घेऊन समोर बसली, यांनी हात पुढे केला, तो नेहमीपेक्षा थोडा मिटलेला, आणि पाणी घालता घालता तिला दिसलं. बोटांच्या मुळाशी चार घट्टे, ओळीने, चिंचोक्यासारखे चकाकणारे, आणि त्यांतला एक फुटून त्याची कड वर आलेली. लेखणीचा घट्टा तिच्या ओळखीचा होता, तो मधल्या बोटाच्या कडेला असतो आणि शाईने काळसर दिसतो. हे तिथले नव्हते. असे हात तिने वाईला, माहेरी, पाहिले होते, वडिलांच्या कीर्तनाला आसपासच्या गावांतून येणाऱ्या माणसांचे. ती माणसं हात जोडत तेव्हा लाकडावर लाकूड टेकल्यासारखा आवाज यायचा. वडील उभे राहून सांगायचे, देह हे रान, मन हा अवखळ खोंड, नाम हे बी. मग खोंडाला वेसण कशी घालायची, तण कसं खुरपायचं, कणसाला दाणा कसा भरतो, हे सगळं हाताने करून दाखवायचे, शेल्याचा आसूड करायचे, आणि ती लाकडी हातांची माणसं डोळे पुसायची. सगुणा खांबाआड बसून ऐकायची. तिला वाटायचं, वडिलांइतकी शेती कुणाला कळत नसेल. त्याच वडिलांनी एकदा ओढ्यावरून येताना नांगरटीतून जावं लागलं म्हणून दारात पायांवर चार घागरी पाणी ओतून घेतलं होतं. मुलगा नाही म्हणून त्यांनी तिलाच अक्षरं शिकवली, पोथी वाचायला बसवलं, आणि तिनेच त्यांना वाचून दाखवलं होतं की नांगराच्या फाळाने भूमीच्या पोटातले जीव मरतात, म्हणून आपल्यातल्या माणसाने तो धरू नये. तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची असेल. जीव म्हणजे कोणते, तिने विचारलं होतं. वडील म्हणाले होते, पुढे वाच.

जेवण झाल्यावर आचवायला पाणी घालताना ती म्हणाली, "हे कसले?" यांनी हात झटकले. "वारज्याचे." एवढंच. वारज्याला यांच्या मामांकडून आलेला जमिनीचा एक तुकडा होता, नदीच्या अंगाला, आणि तो सोनबा नावाचा कुणबी कसत असे. वर्षाकाठी शाळूची पोती बुधवारातल्या या बिऱ्हाडी येत, यापलीकडे त्या तुकड्याचा आणि तिचा संबंध नव्हता. "सोनबा?" "दसऱ्याला सीमोल्लंघन झालं, तो स्वारीबरोबर गेला. भाला घेऊन." "मग दुसरा कुणी?" "वारज्यात पुरुष उरलेत कुठे? म्हातारे आहेत, त्यांची त्यांना रानं पुरेत." "पडू द्यायचं होतं रान," ती म्हणाली, आणि आपला आवाज किती बारीक झालाय ते तिलाच ऐकू आलं. "एक वर्ष पडलं तर काय?" यांनी तिच्याकडे पाहिलं. पाहणंही निराळंच, लांबून पाहिल्यासारखं. "वाफसा थांबत नाही गं. पावसाची ओल अशी जमते, ना चिखल ना धूळ, मुठीत धरली तर गोळा होते आणि सोडली तर फुटते. तेवढ्यात पेरायचं. गेली म्हणजे गेली." हे सांगताना त्यांनी मूठ मिटून उघडून दाखवली. वडीलही दाखवायचे. पण वडिलांची मूठ सभेकडे बघायची, आणि ही मूठ कुणाकडेच बघत नव्हती. तिला हेच जास्त भयंकर वाटलं. नाइलाजाने धरला असता नांगर, तर एक वेळ प्रायश्चित्त होतं. यांना आवडलंय. यांचे सरदार स्वारीवर, कचेरी ओस, सकाळी पर्वतीला जाऊन येतो म्हणून निघायचं, आणि घरी येताना गुणगुणत यायचं. ते गुणगुणणं तिने ऐकलं होतं आणि बाळाचा पायगुण समजली होती.

त्यानंतर तिला घराचे सगळे आवाज वेगळे ऐकू यायला लागले. त्यांचं बिऱ्हाड आप्पासाहेबांच्या घरात मागच्या दोन खोल्यांत होतं. आप्पासाहेब म्हणजे त्या बाजूच्या ब्राह्मणमंडळींत शेवटचा शब्द. कुणाच्या घरी जेवावं आणि कुणाच्या नाही हे त्यांच्या खाकरण्यावरून ठरे. मागल्या साली पलीकडच्या बोळातल्या एका घरावर ग्रामण्य होऊन ते वाळीत पडलं होतं, कारण काय ते पुरतं कुणाला माहीत नव्हतं, पण हौदावर त्या घरातल्या सुनेची घागर आली की बाकीच्या घागरी बाजूला सरत. सरत म्हणजे कुणी ढकलत नसे. नुसती जागा होई. सगुणाही सरली होती. आता तिला ती जागा दिसायला लागली, हौदाच्या कडेला, गोल, स्वच्छ, मधे तिची घागर. आणि बाळ मोठं झालेलं दिसे, आठ वर्षांचं, मुंज लागायची वेळ झालेली आणि बोहल्यापाशी कुणीच नाही. यांचं नाव घेऊन कुणी कुजबुजे, दत्तोपंतांचा मुलगा का, तो नांगऱ्याचा? तिला दूध पाजताना दचकायला व्हायचं, बाळ दचकून तोंड सोडायचं, आणि दोघंही एकमेकांकडे बघत राहायची. सहाव्या महिन्यात उष्टावण करायची ठरलेली. मंडळी येणार, आप्पासाहेब वडीलधारे म्हणून पहिला घास भरवणार, मग पंगत बसणार. पंगतीत आपोशन. सगळ्यांच्या देखत उजवा तळहात उघडा.

येसू, सोनबाची बायको, मागल्या दारी आली ती डोक्यावर चाकवताची पाटी घेऊन. पाटी उतरवून तिने पदराने मान पुसली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "बाई, तुमच्या धन्यास्नी सांगा. रान झालंय त्यांचं, ब्येस नांगरलंय. पर पेरायला म्या न्हाई यायची."

"हळू बोल गं."

"हळू का? म्या काय चोरी केली?"

सगुणाने मागे पाहिलं. आप्पासाहेबांच्या काकू तुळशीपाशी वाती वळत होत्या, त्यांचे हात चालले होते आणि मान थांबली होती. तिने येसूला गोठ्याच्या आडोशाला नेलं. येसूने समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. पाभर, म्हणजे पेरायचं औत, एकाने चालवायची, आणि वरच्या लाकडी वाटीवर, चाड्यावर, दुसऱ्याने मूठ धरायची. मुठीतून दाणा सारखा सुटत राहायला हवा, तो नळ्यांतून खाली तासात पडतो. तिच्या घरात मूठ तिचीच. "पर बामनानं नांगरलेल्या रानात म्या मूठ धरली, तर पाप कुनाचं? माज्या धन्याचं. त्यो तिकडं भाल्याच्या टोकावर हाय, बाई. म्या हितं जराबी चुकायची न्हाई." वडिलांची ओळ, सगुणाने वाचलेली, वाईहून चालत चालत या बाईच्या तोंडापर्यंत येऊन पोचली होती, आणि वाटेत कुणीही तिला अडवलं नव्हतं. "शांत करता येते," ती कसंबसं म्हणाली, "ओटी भरू, ब्राह्मण जेवू घालू..." येसूने चाकवताच्या जुड्या ओट्यावर मांडल्या. "बामन कशाला? तुमीच धरा की मूठ. तुमचं पाप हाय, तुमीच वाटून घ्या. नवराबायकूच हायसा." आणि स्वतःच्याच बोलण्याचं तिला हसू आलं.

सगुणा वारज्याला गेली. नवस आहे, नदीकाठच्या देवीची ओटी भरायची आहे असं काकूंना सांगून, येसूच्याच गाडीत, बाळाला मांडीवर घट्ट धरून. आपण थांबवायला चाललोय असंच ती स्वतःला सांगत होती. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला तिची वाक्यं ठरत होती. रान देऊन टाकावं. पुन्हा इकडे येऊ नये. माझी शपथ. बाळाची शपथ नको, ती घालायची नसते, माझीच. वारज्याच्या वाटेला मुठेचं पात्र रुंद होतं आणि ऊन अंगाला लागत नव्हतं. रान दिसलं तेव्हा तिला ते रान वाटलंच नाही. वडिलांच्या कीर्तनातलं रान सगळं अर्थाने भरलेलं असायचं, ढेकळाढेकळाला काही ना काही म्हणायचं असायचं. हे नुसतं काळं होतं. काही म्हणत नव्हतं. आणि कडेला, पाभरीपाशी, धोतर गुडघ्यावर खोचलेला एक माणूस बैलाच्या मानेखाली खाजवत होता, तो माणूस आपला आहे हे कळायला तिला एक क्षण लागला. यांनी तिला पाहिलं. रागावले नाहीत, लाजलेही नाहीत. म्हणाले, "येसू नाही म्हणते. आज नाही पेरलं तर झालं सगळं. वरचा थर आत्ताच सुकायला लागलाय." ते एवढे केविलवाणे दिसत होते, आणि एवढे सुंदर, की तिला ठरवलेलं एकही वाक्य सापडेना. आपण वेडे झालो आहोत असं तिला स्पष्ट वाटलं. बाभळीला झोळी बांधून तिने बाळाला आत ठेवलं. येसू बांधावर बसली, लांबून, हनुवटी गुडघ्यावर टेकून.

दाणा हाताला गार लागला. पहिल्यांदा मूठ एकदम सुटली, दाणे भसाभसा गेले, येसू बांधावरून ओरडली, "आवळा, बाई! आवळा! अंगठ्यानं सोडा!" मग अंगठ्याने. बैल निघाले की पायांनाही निघावं लागत होतं, ढेकळांवर, लुगडं सावरायला हात नाही, एक हात चाड्यावर आणि दुसरा ओटीत, मूठ संपायच्या आत दुसरी मूठ, मधे खंड पडला तर तेवढं तास रिकामं, आणि कुठे रिकामं राहिलं हे पिकाच्या आधी कुणाला कळणार नाही. ती इतकी लक्ष देऊन काहीच करत नसे, पोथीसुद्धा वाचत नसे. मधेच तिच्या ध्यानात आलं की मघापासून आपण भ्यालेलो नाही. ते ध्यानात आलं आणि लगेच भीती परत आली. बाभळीच्या अंगाने वळताना बाळ कुरकुरलं, अगदी हलकं, आणि तिचं दूध सुटलं, चोळी भिजली, धार पोटावरून खाली गेली. मूठ सैल पडली, पण ती थांबली नाही. वडिलांना हे सुचलं असतं तर, तिला वाटलं, सभा रडून लोळली असती. पण हे सुचलेलं नव्हतं, हे नुसतं ओलं आणि चिकट होतं, आणि त्यावर धूळ बसत होती. घरी जाताना गाडीत ती नखांतली माती काढत बसली. एका नखातली निघे, दुसऱ्यात तीच जाई.

मग तिला हातांचा ध्यास लागला. यांच्या. पेरणी झाली, आता नांगर नाही, पुढच्या सालापर्यंत नाही, फक्त ते चार घट्टे राहिले होते, तेवढे गेले की काहीच झालेलं नव्हतं. साय चोळली, गेले नाहीत. एरंडेल बांधलं, मऊ झाले पण उठून दिसायला लागले. पायाच्या भोवरीवर बिब्बा घालतात, आजी घालायची, हे तिला आठवलं. तिने सुईला बिब्बा टोचून समईच्या ज्योतीवर धरला, आणि तेल सुटलं तसं एकेका घट्ट्यावर टेकवत गेली. "राहू दे, आपोआप जातील," हे म्हणत होते. "आपोआप काही जात नाही," ती म्हणाली. तिने त्यांना एक वाक्यही शिकवून ठेवलं, कुणी विचारलंच तर: हौदाला पाणी नव्हतं, आप्तांकडे विहिरीवर दोर ओढला. तिने ते त्यांच्याकडून म्हणवून घेतलं, शाळेतल्या मुलाकडून पाढा घ्यावा तसं. ते म्हणाले. बिब्बा उतला. सकाळी दोन तळहात सुजून तांबडेलाल, त्यात चार आणि चार काळे डाग, कडेने फोड, आणि जे आधी फक्त तिला दिसलं असतं ते आता सोप्याच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होतं. ती त्या हातांकडे बघत बसली. तिला वाटलं, आपल्या सगळ्या काळजीचं हे असंच होतं.

उष्टावणीच्या दिवशी सकाळी येसू आली, पत्रावळींसाठी पानं घेऊन. मंडळींसाठी रांगोळ्या चालल्या होत्या. "उगवलं, बाई," ती म्हणाली. हळू म्हणाली या खेपेला. "कुटं दाट, कुटं इरळ. नवख्या हाताचं लगीच कळतं. बाभळीपाशी तर निस्तं गचपान केलंया, चार मानसांचा दाना एका जागी." आणि तोंडाला पदर लावून हसली. जाता जाता म्हणाली, "माज्या धन्याचा सांगावा आलाय. बरा हाय." सगुणाला बाभळीपाशी काय झालं होतं ते आठवलं, आणि हसू आलं की रडू ते तिने पाहिलं नाही, आत खीर लागत होती.

यांच्या घराण्यात वस्तू आधी आणि घास नंतर. बाळाला यांच्या मांडीवर बसवलं, पुढे पाटावर पोथी, दौत-लेखणी, कट्यार, रेशमी खण, रुप्याचा पेला मांडला. ज्याला हात लावेल ते त्याच्या जन्माचं काम. यांनी दोन्ही मुठी मिटून बाळाच्या कुशीत धरल्या होत्या, छान दिसत होतं, बाळाला सावरल्यासारखं. समोर आप्पासाहेब, हातात खिरीची वाटी. मागे मंडळी. दाराशी बायका, काकू पुढे. बाळाने पोथीकडे पाहिलं. कट्यारीकडे पाहिलं. सगळ्यांनी श्वास धरला, कुणीतरी "घे, घे" म्हणालं. मग बाळ वळलं आणि त्याने बापाचा अंगठा धरला, लहान मुलं धरतात तसा, सगळ्या ताकदीने, आणि तोंडाकडे ओढला. यांच्या तोंडून "स्स" आलं. मूठ उघडली.

आप्पासाहेबांनी मान थोडी तिरपी करून पाहिलं. "हल्ली कचेरीत लेखणी फार जड झालेली दिसते, दत्तोपंत." कुणी हसलं नाही. "बिब्बा कुणी घातला?"

"मी," सगुणा दाराशी म्हणाली.

"कशावर?"

यांनी तोंड उघडलं. तिला माहीत होतं काय येणार ते. "दोर," हे म्हणाले, "विहिरीचा दोर ओढताना..." आणि थांबले. पाठ पक्का होता, तिने घेतलेला होता. आप्पासाहेब वाट बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की त्यांनाही दोरच हवा आहे. त्यांना सगळं माहीत आहे, काकूंनी सांगितलंय, आणि ते वाटी हातात धरून वाट करून देताहेत. एवढं वाक्य पुरं झालं की घास. मग पंगत. मग मुंज. आणि मग रोज मिटलेली मूठ, आपोशनाला, देवघरात, बाळाच्या गालाशी. आणि ती दाराशी, जन्मभर, कोण बघतंय ते बघत. यांनी तिच्याकडे पाहिलं. बाळाने अंगठा सोडला नव्हता. तिला बाभळीपाशी उगवलेलं ते गचपान दिसलं, जे आता कुणालाच झाकता येणार नव्हतं.

"दोराचे नाहीत," ती म्हणाली. आवाज पुन्हा बारीकच निघाला. "नांगराचे आहेत. आणि पेरताना चाड्यावर मूठ माझी होती."

आप्पासाहेबांनी वाटी पाटावर ठेवली. आपटली नाही. पोथी आणि कट्यार यांच्या मधे जागा होती, तिथे नीट ठेवली, आणि उपरणं सारखं करत उठले. "मग घासाचंही तुमचं तुम्हीच बघा. हात मोकळेच आहेत तुमचे." त्यांच्या मागोमाग एकेक जण उठला. कुणी ढकललं नाही, नुसती जागा होत गेली, रांगोळ्यांच्या मधे, गोल, स्वच्छ. अंगणात वहाणांचे आवाज. काकू शेवटी वळल्या.

सगुणा पाटापाशी येऊन बसली. मुंजीला भटजी कुठून आणायचा, राहायला कुठे जायचं, सासूबाईंना कोकणात कोण आणि काय कळवील, हे सगळं एकदम तिच्या डोक्यात आलं आणि एकदमच तिथे उभं राहिलं, जायचं नाव घेईना. यांनी काळे तळहात उघडेच ठेवले होते, बाळाच्या दोन बाजूंना. तिने वाटी उचलली. बोटांनी थोडी खीर घेतली, अंगठ्याने पुढे सारली, अगदी थोडी, सुटेल एवढीच, आणि बाळाच्या ओठाशी धरली. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं. खीर हनुवटीवर आली, तिने ती पुन्हा आत सारली. बाळ विचारात पडल्यासारखं थांबलं. बाहेर शेवटच्या वहाणा वाजल्या, दिंडी दरवाजा लागला. बाळाने गिळलं, आणि तिच्या बोटांकडे बघत पुन्हा तोंड उघडलं.